काम उदंड, जागा थोड्या

वैद्यकातील पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुण डॉक्टरांच्या आयुष्यात असा एक काळ येतो, की वसतिगृहात, वॉर्डातील रात्रपाळीत आणि घरी आईवडिलांसमोर एकाच प्रश्नाचा खल चालू असतो. आता पुढे कोणती शाखा घ्यावयाची? हृदय, मूत्रपिंड, मेंदू, पोटाचे विकार अशी नावे निघतात आणि कोणत्या शाखेस किती 'स्कोप' आहे, याचे आडाखे बांधले जातात. ज्या घरातील मुलगा वा मुलगी पहिल्यांदाच डॉक्टर होत आहे, ज्या शिक्षकाने किंवा कारकुनाने त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतील शिल्लक काढली आहे, त्या घरातील या चर्चेला नाक मुरडण्याचे कारण नाही. दहा-बारा वर्षे शिकून झाल्यावर पोटापाण्याची आणि प्रतिष्ठेची काय सोय, हा प्रश्न सर्वस्वी रास्त आहे.

या शाखांच्या यादीत अलीकडे आणखी एक नाव वरचेवर ऐकू येते. ते म्हणजे मुख, घसा व मान यांच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया. वरवर पाहता या शाखेइतका वाव दुसऱ्या कोणत्याच शाखेला नसावा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळजवळ ८० हजार माणसे या रोगाने दगावली. जगातील अशा दर तीन रुग्णांमागे एकाहून अधिक रुग्ण भारतीय आहे. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तो हाच. घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगाचे रुग्ण यात धरलेले नाहीत. त्यांची गणना निराळी.

काम मिळण्याची इतकी निश्चिती दुसऱ्या कोणत्या व्यवसायात आहे? आणि तरीही ही विद्या शिकून बाहेर पडलेला तरुण शल्यविशारद आपले कौशल्य वापरता येईल अशी जागा शोधत मोजक्या महानगरांतच फिरताना दिसतो. रोग खेड्यापाड्यांत आणि त्यावरील कौशल्य महानगरांत, अशी ही विभागणी झालेली आहे. ती का झाली आणि कोणी मोडावयाची, याचा विचार केल्यावाचून या शाखेच्या भवितव्याविषयी बोलणे व्यर्थ आहे.

मुंबईचा वारसा

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या आणि त्या दुःखातून टाटा कुटुंबाचे लक्ष या रोगाकडे वळले. या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची धुरा ज्यांनी वाहिली ते डॉ. वसंत रामजी खानोलकर हे भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा घेणारा त्यांचा निबंध १९४४ मध्ये अमेरिकेतील कर्करोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाश्चात्य देशांत तुरळक दिसणारा हा रोग येथे इतका का बोकाळावा, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचे उत्तर तंबाखू-सुपारी चघळण्याच्या सवयीत शोधले. पुढे १९५१ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला व नवल टाटा यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली. १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. ज्या रस्त्यावर हे रुग्णालय उभे आहे त्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. ते याच रुग्णालयातील शल्यविशारद. एखाद्या शल्यविशारदाच्या नावाने रस्ता ओळखला जावा, हा मान आपल्याकडे थोड्यांच्याच वाट्याला आला आहे.

हा वारसा केवळ भूतकाळाचा नाही. तोंडातील गाठ लहान असताना मानेतील ग्रंथी हाताला लागत नसतील, तर त्या काढाव्यात की नाही, हा जगभरच्या शल्यविशारदांचा जुना वाद होता. काढल्यास खांदा दुखरा होतो, व्रण राहतो. न काढल्यास रोग तेथे लपून राहण्याची भीती. टाटा स्मारकातील डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या दहा वर्षांत रुग्णांचे दोन गट करून या प्रश्नाचा छडा लावला. ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनी १०० पैकी ८० रुग्ण हयात होते. वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ होते. हा निष्कर्ष २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगातील शस्त्रक्रियेची रीत त्याने पालटली. ज्या देशात रोग अधिक त्या देशात प्रश्नाचे उत्तर लवकर मिळते, ही यातील कटू गोष्ट आहे. पण उत्तर शोधण्याची शिस्त येथे होती म्हणूनच ते मिळाले, हेही तितकेच खरे.

तेव्हा बौद्धिक कर्तृत्वाला या शाखेत वाव आहे काय, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. या रोगावरील औषधोपचारांतही तेच दिसते. रोगप्रतिकारशक्ती जागी करणारी नवी औषधे आपल्या बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेरची आहेत. मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांपैकी एका औषधाची मात्रा नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी करून, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने ती वापरून पाहिली. रोग बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांत एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १०० मागे सुमारे १६ वरून ४३ वर गेले. बंगळूरच्या डॉ. विशाल राव यांनी घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र गमावलेल्यांसाठी अवघ्या ५० रुपयांचे बोलण्याचे साधन तयार केले. गरीब देशातील डॉक्टरला गरिबीनेच दिलेले हे प्रश्न आहेत आणि श्रीमंत देशांतील पाठ्यपुस्तकांत त्यांची उत्तरे सापडत नाहीत.

एकट्याचे काम नव्हे

हे शल्यकर्म नेमके काय आहे, हे समजून घेतल्याशिवाय त्यातील अडचण ध्यानात येणार नाही. मानेतील रोगग्रस्त ग्रंथी एकसंध काढण्याची पद्धत अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये १३२ शस्त्रक्रियांच्या आधारे मांडली. त्यानंतर कित्येक दशके हे शास्त्र प्रामुख्याने छेदनाचे होते. गाठ निघे, पण गाल, जबडा वा जीभ गेलेला माणूस आरशात पाहू शकत नसे आणि चारचौघांत बसून जेवू शकत नसे. १९७९ मध्ये स्टीफन एरियन यांनी छातीचा स्नायू कातडीसह वर फिरवून तोंडातील खड्डा भरण्याची रीत दाखविली. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र आले आणि पायाच्या नडगीशेजारील बारीक हाड काढून त्याचा जबडा घडविणे शक्य झाले. आज या शाखेचे अर्धे वैभव या पुनर्रचनेत आहे.

परंतु अशी शस्त्रक्रिया आठ-आठ, दहा-दहा तास चालते. एक पथक गाठ काढते, तर दुसरे पायाचे हाड मोकळे करीत असते. तोंड धड उघडत नसलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालणारा अनुभवी भूलतज्ज्ञ हवा. काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त आहेत की नाहीत, हे सांगणारा विकृतितज्ज्ञ हवा. जोडलेला मांसाचा तुकडा रात्री दोन वाजता काळानिळा पडू लागला, तर ते ओळखणारी परिचारिका हवी. नंतर किरणोपचार हवेत, गिळण्यास आणि बोलण्यास शिकविणारा तज्ज्ञ हवा, दात व टाळू बसविणारा दंतवैद्य हवा, नाकातील नळीतून काय द्यावयाचे ते सांगणारा आहारतज्ज्ञ हवा. यांपैकी एक दुवा निखळला, की शल्यविशारदाचे सारे कौशल्य पांगळे होते. डोळ्यांचा डॉक्टर तालुक्याच्या गावी आपले दालन थाटू शकतो, बालरोगतज्ज्ञ थाटू शकतो. मुखकर्करोगाच्या शल्यविशारदाला ते शक्य नाही. त्याला पाटी लावून भागत नाही, संस्था लागते. त्याच्या व्यवसायाचे सारे अर्थशास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

साडेअकरा वर्षांनंतर

या विद्येपर्यंत पोचण्याची वाटही लांबलचक आहे. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, एक वर्षाची आंतरवासिता, सामान्य शल्यचिकित्सा किंवा कान-नाक-घसा या विषयातील एम.एस.ची तीन वर्षे आणि त्यानंतर देशपातळीवरील प्रवेशपरीक्षेतून मिळणारी एम.सीएच.ची आणखी तीन वर्षे. बेरीज साडेअकरा होते. मधल्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीत गेलेली वर्षे आणि सरकारी सेवेच्या कराराचा काळ यात धरलेला नाही. कर्करोग शल्यचिकित्सेच्या अभ्यासक्रमात स्तन, आतडी, गर्भाशय असे सारेच अवयव येतात. म्हणून ज्याला केवळ मुख व मान यांतच पारंगत व्हावयाचे आहे, तो आणखी वर्ष-दोन वर्षे विशेष प्रशिक्षण घेतो. काही संस्थांत आता मुख व मान या विषयाची स्वतंत्र एम.सीएच. पदवीही आहे. दंतवैद्यकातून मुखशल्यचिकित्सेची पदव्युत्तर पदवी घेऊन या क्षेत्राकडे वळणाऱ्यांचा वर्ग वेगळाच. त्यांनी कोठवर शस्त्रक्रिया करावी, यावर दोन्ही बाजूंनी वाद चालू असतात.

सारांश, बत्तिशी-तेहतिशी गाठलेला हा डॉक्टर जेव्हा खऱ्या अर्थाने कमावू लागतो, तेव्हा त्याच्याबरोबर शाळेत असलेला अभियंता वा बँकेतील अधिकारी संसारात स्थिरावून दहा वर्षे लोटलेली असतात. अशा तरुणापुढे तीन मार्ग असतात. पहिला, महानगरातील मोठ्या खाजगी रुग्णालयाचा. तेथे साधने उत्तम असतात आणि प्राप्तीही चांगली होते. परंतु मुखकर्करोगाचा रुग्ण बहुतांशी हातावर पोट असलेल्या वर्गातला असल्याने त्या दारापर्यंत पोचू शकणाऱ्यांची संख्या थोडी असते आणि त्या थोड्यांसाठी ज्येष्ठांशी स्पर्धा करावी लागते. दुसरा मार्ग धर्मादाय किंवा सरकारी कर्करोग संस्थेचा. तेथे काम भरपूर, शिकणे-शिकविणे भरपूर. पण जागा मोजक्या आणि त्याही वर्षानुवर्षे भरलेल्या. तिसरा मार्ग आपल्या जिल्ह्यात, आपल्या माणसांत परत जाण्याचा. खरी गरज तेथेच आहे आणि तोच मार्ग सर्वांत खडतर आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी गेलेल्या अशा डॉक्टराची कहाणी ठराविक असते. वैद्यकीय महाविद्यालय असले तरी कर्करोगशल्याचा स्वतंत्र विभाग नसतो. सामान्य शल्यचिकित्सेच्या विभागात त्याची नेमणूक होते. आठवड्यातून एक-दोन दिवस शस्त्रक्रियागृह मिळते आणि त्याच यादीत हर्निया, अपेंडिक्स, भाजलेले रुग्ण यांनाही जागा द्यावयाची असते. दहा तासांची एक शस्त्रक्रिया म्हणजे साऱ्या विभागाचा दिवस गेला. सूक्ष्मदर्शक नसतो, असला तर तो दुसऱ्या विभागाच्या कुलपात असतो. वर्षभर असे काढल्यावर हात बोथट होऊ लागतात. मग एके दिवशी राजीनामा देऊन तो मुंबई, पुणे वा हैदराबादची गाडी पकडतो आणि 'डॉक्टर खेड्यात जावयास तयार नाहीत' या तक्रारीत आणखी एका उदाहरणाची भर पडते. तक्रार करणारे विसरतात, की जो गेला होता त्याच्या हाती कोणतेच साधन दिलेले नव्हते.

पैशाची एक अडचणही लक्षात घ्यावयास हवी. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि २०१८ मध्ये सुरू झालेली केंद्राची आयुष्मान भारत योजना यांनी गरीब रुग्णाला शस्त्रक्रियेचे दार उघडून दिले, यात शंका नाही. परंतु या योजनांत प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो. गाठ काढून कसाबसा टाका घालणे आणि पायाच्या हाडाचा जबडा घडविणे, यांतील वेळेचा, साहित्याचा व मनुष्यबळाचा फरक त्या दरात पुरेसा उतरला नाही, तर रुग्णालयाचा कल सोप्या मार्गाकडे झुकणार, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको. बोलणे व गिळणे पुन्हा शिकविण्याच्या महिनोन्महिने चालणाऱ्या कामाला तर वालीच नसतो. परिणामी रुग्णाचा जीव वाचतो. माणूस घराच्या कोपऱ्यात बसून राहतो.

रुग्णाचा प्रवास

या सर्वांची किंमत कोण मोजतो? मराठवाड्यातील एखादा ऊसतोडणी मजूर, विदर्भातील खर्रा खाणारा रिक्षाचालक किंवा पिढ्यान्‌पिढ्या मशेरी लावीत आलेली पश्चिम महाराष्ट्रातील एखादी शेतकरीण. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत होते. स्त्रियांचे प्रमाण १०० मागे १७ होते आणि बहुतेकांचा तंबाखू धुराविनाच होता. शेजारच्या गोव्यात हेच एकूण प्रमाण १० टक्क्यांच्या आत होते. या तंबाखूची पुडी गलोफ्यात धरली जाते आणि रोगही तेथेच मूळ धरतो. प्रथम पांढरा चट्टा येतो, तिखट लागू लागते, तोंड दोन बोटेही उघडेनासे होते. दात काढला, गुळण्या केल्या, गावच्या डॉक्टरने प्रतिजैविके दिली, असे करीत तीन-चार महिने जातात. तोवर गाठ हाडात शिरलेली असते.

त्यानंतर परळचा रस्ता. रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर बोचकी घेऊन बसलेली कुटुंबे मुंबईकरांच्या डोळ्यांना सवयीची झाली आहेत. तपासण्या, शस्त्रक्रिया आणि त्यानंतर सहा-सात आठवडे चालणारे किरणोपचार. तेवढा काळ घरचे कर्ते माणूस व त्याच्याबरोबरचा नातलग यांची मजुरी बुडते. मुलांची शाळा सुटते, बैल विकला जातो. उपचार मोफत असूनही कुटुंब कर्जात बुडते. हाच रुग्ण आपल्या विभागातच बरा होऊ शकला असता, तर त्याच्या संसाराची ही वाताहत टळली असती. तरुण शल्यविशारदाला जागा नसणे आणि रुग्णाला पदपथावर झोपावे लागणे, या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

हे अटळ आहे काय? बार्शीचे उदाहरण तसे सांगत नाही. सोलापूर जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी कर्करोग रुग्णालय उभे राहिले आणि टाटा स्मारकाच्या साहाय्याने १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथेच सुरू झाली. आसामने तर साऱ्या राज्याचाच विचार केला. टाटा न्यासाच्या सहकार्याने राज्य सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत कर्करोग रुग्णालयांची साखळी उभारावयास घेतली आणि त्यांपैकी सात रुग्णालयांचे उद्घाटन एप्रिल २०२२ मध्ये झाले. उत्तर प्रदेशातून परळकडे येणारा लोंढा लक्षात घेऊन टाटा स्मारक केंद्राने वाराणसीला रुग्णालये चालविण्याचे अंगावर घेतले. २०१९ मध्ये त्यांचे उद्घाटन झाले. अशी रुग्णालये निघाली म्हणजे पदे निर्माण होतात. पदे निर्माण झाली म्हणजे माणसे येतात.

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये तीन स्तरांवरील कर्करोग उपचारांचे धोरण मंजूर केले. केंद्राच्या त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात जिल्हा रुग्णालयांतून दिवसभराच्या उपचारांची कर्करोग केंद्रे काढण्याची घोषणा झाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र दिवसभराच्या केंद्रात शिरेतून औषधे देता येतील, जबडा घडविता येणार नाही. मुखकर्करोगावरचा मुख्य उपचार आजही शस्त्रक्रिया हाच आहे. तेव्हा धोरणाच्या कागदावरील इमारतींत पूर्ण पथकाची पदे मंजूर होतात की नाही, यावरच त्याची परीक्षा व्हावयाची आहे.

टपरीचा प्रश्न

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. जो रोग तंबाखू सोडल्याने बहुतांशी टळतो, त्यासाठी शल्यविशारदांच्या फौजा उभारण्यापेक्षा टपरीवरील पुडी बंद करणे शहाणपणाचे नाही काय? तत्त्वतः याला उत्तर नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पण बंदी असलेला माल कोणत्या कोपऱ्यात मिळतो, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. सुपारी व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकून कायद्याला बगल देण्याची युक्तीही जुनी झाली. अंमलबजावणीतील ही ढिलाई डॉक्टरांची संख्या वाढवून भरून निघणारी नाही.

तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतील. एक, तंबाखूचा आजचा उपभोग हा वीस-तीस वर्षांनंतरचा कर्करोग असतो. देशातील तंबाखूसेवनाचे प्रमाण २००९-१० मधील ३४.६ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २८.६ टक्क्यांवर आले, ही चांगली वार्ता असली, तरी ज्यांनी गेली वीस वर्षे गलोफ्यात गुटखा धरला त्यांचा रोग अजून यावयाचा आहे. आज प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरची सारी कारकीर्द संपेपर्यंत रुग्णांची वाण पडेल, असे मानण्यास दुर्दैवाने आधार नाही. दुसरी गोष्ट, प्रतिबंधाच्या कामात या तज्ज्ञाचीच साक्ष सर्वांत परिणामकारक ठरते. टाटा स्मारकातील डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्या पुढाकाराने तंबाखूचे बळी ठरलेले रुग्णच मंत्र्यांसमोर आणि आमदारांसमोर जाऊन उभे राहिले. अर्धा जबडा गेलेला माणूस जे सांगतो ते कोणत्याही आकडेवारीला सांगता येत नाही.

लवकर निदानाच्या बाबतीतही तसेच आहे. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत या रोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. यंत्र लागले नाही. उजेड आणि शिकविलेली नजर पुरली. परंतु आरोग्यसेविकेने चट्टा हुडकल्यावर रुग्णाला पाठवावयाचे कोठे, याचे उत्तर पन्नास-साठ मैलांच्या आत नसेल, तर तपासणी ही केवळ भीती दाखविण्याचा उद्योग ठरतो. प्रतिबंध, निदान आणि शस्त्रक्रिया यांत निवड करावयाची नसून त्यांची साखळी जुळवावयाची आहे.

काय करता येईल

त्यासाठी आकाशपाताळ एक करावयास नको. प्रत्येक महसुली विभागातील एका तरी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मुख व मान यांच्या कर्करोगाचे स्वतंत्र पथक असावे. एकट्या शल्यविशारदाची नेमणूक करून मोकळे होण्याची प्रथा बंद व्हावी. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, विकृतितज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ, दंतवैद्य व वाचोपचारतज्ज्ञ यांची पदे एकाच आदेशाने मंजूर व्हावीत आणि शस्त्रक्रियागृहाचे दिवस त्यांच्यासाठी राखून ठेवावेत. सरकारी सेवेचा करार पुरा करणाऱ्या तज्ज्ञाला त्याच्या विषयाचे काम जेथे होते तेथेच धाडावे. अन्यथा तो करार म्हणजे दंडाची रक्कम भरून सुटण्याची पळवाट होतो. आरोग्य योजनांच्या दरपत्रकात पुनर्रचना आणि पुनर्वसन यांना योग्य मोल मिळावे. ३०० हून अधिक संस्थांना जोडणारे, २०१२ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय कर्करोग जाळे हाताशी आहेच. त्याच्या द्वारे जिल्ह्यातील पथकाला अवघड रुग्णाविषयी मोठ्या केंद्राचा सल्ला मिळू शकतो आणि आपण एकटे पडलो, ही तरुण डॉक्टरची भावनाही कमी होऊ शकते.

आणि ज्या विद्यार्थ्यापासून ही चर्चा सुरू झाली त्याचे काय? त्याला खोटी आशा दाखविणे बरे नव्हे. झटपट पैसा आणि निवांत रात्री हव्या असतील, तर ही शाखा त्याची नव्हे. येथे शिक्षण दीर्घ आहे, कष्ट जबर आहेत आणि पुष्कळदा उशिरा आलेल्या रुग्णापुढे हात टेकावे लागतात. मात्र ज्याला हातातील कौशल्याचे वेड आहे, माणसाला पुन्हा बोलते आणि जेवते करण्यात ज्याला गोडी वाटते, त्याला या देशात या क्षणी याहून मोलाचे काम मिळणे कठीण. नोकरी पत्करण्याआधी त्याने पगाराबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. शस्त्रक्रियागृह किती दिवस मिळेल, जोडीला कोण असेल आणि किरणोपचाराची सोय किती अंतरावर आहे. या तीन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणाऱ्या जागा राज्यात जितक्या वाढतील तितकाच या शाखेचा खरा वाव वाढला, असे म्हणता येईल.

रुग्णसंख्येवरून एखाद्या वैद्यकशाखेचे भवितव्य उज्ज्वल ठरविणे, यात मूलतः एक विसंगती आहे. ज्या शाखेचे तज्ज्ञ आपल्याच कामाची गरज कमी व्हावी म्हणून टपरीविरुद्ध उभे राहतात, त्या शाखेला तरी ती शोभत नाही. तो दिवस उजाडेपर्यंत मात्र रुग्णांना पदपथावर आणि तज्ज्ञांना दारोदार ठेवण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला नाही. काम आहे, ते करणारे हातही आहेत. त्या दोहोंची गाठ घालून देणारी जागा निर्माण करणे, एवढेच उरले आहे. आणि ते कोणत्याही डॉक्टरच्या अखत्यारीतले नाही.